सोळा भाज्या आणि झिरो तिकीट

बेल्याहून आदिलाबादकडे येणारी सकाळची बस हल्ली बायकांनीच भरलेली असते. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून ‘महालक्ष्मी’ योजना सुरू झाली आणि राज्यात राहणाऱ्या बायकांना ‘पल्ले वेलुगू’ आणि एक्सप्रेस गाड्यांतून फुकट प्रवास करता येऊ लागला. कंडक्टर आधार कार्ड बघतो आणि यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो. मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा, कुठल्याही घरची बाई असो, त्या तिकिटाला सगळ्या एकच नाव देतात : झिरो तिकीट.

या बसमध्ये सरकारी दवाखान्यातली नर्स असते, शाळेतली बाई असते, जिनिंगमध्ये रोजाने जाणारी असते, आठवडी बाजारात भाजीची टोपली लावणारी असते. बाक एक, तिकीट एक, उतरायचं ठिकाणही एकच. पण घराचा उंबरा ओलांडण्याआधी प्रत्येकीने काय काय उरकलं हे विचारत गेलो, तर एकीची सकाळ दुसरीच्या सकाळीसारखी नसते. एकीने कुकरला भात लावला आणि डबा भरला. एकीने बारा भाकरी थापल्या, कारण सासऱ्यांना शिळी भाकरी चालत नाही. एकीची सासू पहाटेच चुलीपुढे बसली होती, म्हणून ती फक्त वेणी घालून निघाली. एकीने आदल्या रात्रीच सगळं करून ठेवलं, कारण आज तिचा उपवास आहे आणि उपवासाचं वेगळं करायचं तर वेळ पुरणार नव्हता.

नोकरी करणाऱ्या बाईबद्दल बोलताना आपण ‘तारेवरची कसरत’ म्हणून मोकळे होतो. त्यात कौतुक असतं, पण सगळी जबाबदारी कसरत करणारीच्या पायांवर येऊन पडते. ती सावरली तर हुशार, पडली तर तिला जमलं नाही. ती तार कोणी बांधली, किती उंच बांधली आणि खाली जाळी का नाही, हे प्रश्न मागे राहतात. या प्रकरणात आपल्याला तारेकडे बघायचं आहे. त्यासाठी आदिलाबादसारखा जिल्हा शोधून सापडणार नाही. चार-पाच रीतीभाती इथे एकमेकींच्या दाराशी नांदतात, त्यामुळे एकीला जे आभाळातून पडल्यासारखं अटळ वाटतं ते शेजारणीच्या घरी मुळात नसतंच, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

जिल्ह्याची उत्तरेची शीव म्हणजे पैनगंगा. पलीकडे यवतमाळ. नदी मध्ये आहे म्हणून रोटी-बेटी व्यवहार कधी थांबला नाही. निजामाच्या राज्यात किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेड जिल्ह्यात गेले, किनवट तिथेच राहिलं आणि राजुरा पुढे १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडलं गेलं. जिल्ह्यात उरलेल्या बेला, जैनद, तामसी, भीमपूर या पट्ट्यातल्या घराघरात मराठी राहिली. दक्षिणेला आणि पूर्वेला तेलुगू, उटनूरच्या डोंगरात गोंड आणि कोलाम, तांड्यांवर बंजारा. ११ ऑक्टोबर २०१६ ला जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि निर्मल, मंचेरियाल, आसिफाबाद वेगळे निघाले. नव्या छोट्या आदिलाबादेतही ही सरमिसळ तशीच आहे.

आता त्या भाकरीकडे परत येऊ, कारण बाईच्या दिवसाचं गणित तिथेच सुरू होतं. दहा माणसांचा भात एका पातेल्यात होतो. पातेलं चुलीवर असताना बाई दुसरं काम करू शकते. भाकरीचं तसं नाही. पीठ एकेका गोळ्यापुरतं मळायचं, थापायची, तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग विस्तवावर फुगवायची. तेवढा वेळ हात आणि डोळे दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. त्यात भाकरी गरम वाढायची ही रीत. म्हणजे खाणारा बसला की करणारी उठू शकत नाही, आणि तो उठेपर्यंत ती खाऊ शकत नाही. ज्वारी दळून आणण्यापासून शेवटची भाकरी टोपल्यात पडेपर्यंतचा वेळ कोणी घड्याळ लावून मोजत नाही, पण बसची वेळ मात्र घड्याळाचीच असते.

ज्वारीच्या या मुलखात तांदूळ रोजच्या ताटात आला तो बराचसा रेशनमधून. एन. टी. रामाराव यांनी १९८३ मध्ये दोन रुपये किलोने तांदूळ द्यायला सुरुवात केली. तेव्हा चर्चा झाली ती गरिबाच्या पोटाची आणि सरकारच्या तिजोरीची. माझ्या मते त्या तांदळाने आणखी एक गोष्ट केली, तिची नोंद फारशी होत नाही : बाईची सकाळ मोकळी केली. त्याआधी जात्याची जागा गिरणीने घेतली तेव्हाही असंच झालं होतं. घरात पुरुषाने हातभार लावावा म्हणून ना गिरणी आली ना तांदूळ, पण बाईचा तास वाचला. पैनगंगेच्या काठावरच्या मराठी घरांत मात्र भात आला तरी भाकरी गेली नाही. भाताने पोट भरतं, जेवण भाकरीने होतं. अशा घरातली नोकरदार सून दोन्ही करते. रीत बदलताना जुनी वजा होत नाही, नवीची भर पडते, आणि ती भर कोणाच्या खात्यावर जाते ते सांगायला नको.

देशाच्या पातळीवर हे मोजलं गेलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर ‘वेळेचा वापर’ पाहणारं सर्वेक्षण केलं. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. पण असे पुरुष होतेच किती? शंभरातले सव्वीस. बायका शंभरातल्या एक्याऐंशी. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पुरुषांची नऊ. अंतर जवळजवळ होतं तिथेच आहे. मधल्या काळात गॅस आले, नळ आले, मिक्सर आले. यंत्राने काम कमी होतं, ते कोणी करायचं हे यंत्र ठरवत नाही.

आणि काम म्हणजे तरी काय? कपाशीच्या दिवसांत या भागातल्या कुठल्याही गावात दुपारी जा. दसऱ्यापासून उलंगवाडीपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि पोरं सोडून कोणी भेटत नाही. बायका पदराची ओटी करून सरीसरीने पुढे सरकत असतात. दोन्ही हात चालू, बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, ओटी जड झाली की बांधावरच्या गठोड्यात रिकामी करायची. संध्याकाळी काट्यावर वजन आणि किलोवर मजुरी. जाताना चुलीसाठी वाळल्या काडक्यांचा भारा डोक्यावर. यातल्या एखादीला घरी गाठून विचारलं, ‘बाई, तुम्ही काय करता?’ तर उत्तर येतं, ‘काही नाही जी, घरीच असते.’

हे उत्तर खोटं नाही. ती ज्या अर्थाने बोलते त्या अर्थाने खरंच आहे. काम म्हणजे पगार, काम म्हणजे खुर्ची, काम म्हणजे ज्याला सुट्टी असते ते. शेत हे तिच्या लेखी घराचंच अंगण. जनगणनेलाही हे उमगायला वेळ लागला. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नात ‘घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनमोबदला केलेलं काम धरून’ अशा अर्थाचे शब्द मुद्दाम घातले गेले, कारण तोवर लाखो बाया गणनेतून निसटत होत्या. स्वतःच्या शेतातला कापूस बाई वेचते आणि पुरुष गाडीत भरून आदिलाबादच्या मोंढ्यात नेतो. वजनाची पावती त्याच्या नावाची, पैसा त्याच्या हाती. म्हणून घरात ‘कमावणारा’ तो आणि ‘मदत करणारी’ ती. नोकरी लागलेल्या सुनेला हाच हिशेब मागे लागतो. ती पगार आणते तरी तिची नोकरी ‘घराला मदत’ असते, आणि मदत करणाऱ्या माणसाने मुख्य काम सोडायचं नसतं.

कामाची ही वाटणी कुठून आली? डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरुप यांनी १९७० मध्ये एक विचार मांडला. जिथे कुदळीने किंवा काठीने शेती होते तिथे बाई शेताच्या मध्यभागी असते. नांगर आला की ताकदीचं आणि बैलांचं काम पुरुषाकडे जातं, बाई घराकडे सरकते, आणि पुढे तीच ‘आपली रीत’ होते. २०१३ मध्ये अलेसिना, जुलियानो आणि नन या तीन संशोधकांनी जगभरची माहिती लावून पाहिली. नांगर वापरणाऱ्या पूर्वजांच्या वंशजांमध्ये बायका बाहेर काम करण्याचं प्रमाण आजही कमी निघालं. नवल हे की ते लोक शेती सोडून दुसऱ्या देशात गेले, तरी त्यांच्या मुलांमध्ये हा फरक टिकून होता. नांगर मोडून गंजून गेला तरी घरात त्याची मूठ शिल्लक राहते.

आदिलाबादच्या डोंगरात हे दोन्ही प्रकार एका पिढीच्या आठवणीत होते. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे आले तेव्हा डोंगरमाथ्यावरचे कोलाम कुदळीने आणि काठीने फिरती शेती करत होते, आणि खालच्या पठारावरचे गोंड नांगराने. जंगल राखीव झालं तशी फिरती शेती बंद पडत गेली. कोलामांच्या हातीही नांगर आला किंवा मजुरी आली. मराठी कुणब्याच्या शेतात तर बाईने नांगराची मूठ धरणं अशुभच मानलं जाई. ती तिफणीमागून सरत्याने तुरीचं बी सोडत चाले, निंदायला वाके, वेचायला वाके. सगळी वाकण्याची कामं तिची, उभं राहून हाकायची कामं त्याची. आता ट्रॅक्टर आला. तोही पुरुषच हाकतो. वेचणी अजून हातानेच होते.

हायमेनडॉर्फांचं नाव निघालं तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांची पत्नी एलिझाबेथ, सगळे तिला बेट्टी म्हणत, मारलवाई या गावात त्यांच्याबरोबर राहिली, डोंगर चढली, त्यांच्या कामात उभी राहिली. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ या १९४८ च्या ग्रंथाचे मुख्य लेखक म्हणून ओळखले जातात ते हायमेनडॉर्फ. बेट्टीच्या स्वतःच्या नावावर आहे दक्षिण आशियाच्या मानववंशशास्त्राची एक भली मोठी संदर्भसूची. म्हणजे इतरांनी काय लिहिलं त्याची नीट लावून ठेवलेली यादी. ती १९८७ मध्ये वारली आणि मारलवाईच्या लोकांनी तिला आपल्या मातीत जागा दिली. आज तिथे दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. शिकलेल्या युरोपीय जोडप्यातही कामाची वाटणी अशी झाली, हे आपण लक्षात ठेवलेलं बरं. रूढी ही काही फक्त आदिवासींची किंवा खेड्यातल्या माणसांची मिरास नव्हे.

हायमेनडॉर्फांनी गोंड बायकांविषयी जे टिपलं त्यात मराठी वाचकाला थांबायला लावणाऱ्या गोष्टी आहेत. लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचं देज, नवरा-बायकोचं पटलं नाही तर वेगळं होण्याची आणि दुसरं घर करण्याची मुभा. देज म्हणजे बाईची विक्री असं शहाणी माणसं म्हणत आली. मला त्यात दुसरंही दिसतं. ज्या घरातून राबणारे हात जाणार त्या घराचं नुकसान होतं, हे तिथे उघड मान्य केलेलं असतं. हुंड्यात उलटं गृहीत धरलेलं असतं : बाई म्हणजे खाणारं तोंड, ते पोसायला घेताना वर काही द्यायला हवं. आणि दुःखाची बाब अशी की हातात पैसा आणि नोकरी आली की देजाची रीत मागे पडून हुंड्याची रीत पुढे येते. खालचा समाज वरच्याच्या चालीरीती उचलतो, या प्रक्रियेला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण म्हटलं, आणि बाईला बाहेरच्या कामातून काढून घरात बसवणं ही त्यातली एक ठळक पायरी असल्याचंही दाखवलं. ‘आमच्या घरच्या बाया कामाला जात नाहीत’ हे वाक्य या जिल्ह्यात अजून अभिमानाने बोललं जातं. त्यात एक सवलत मात्र आहे. शेतात जाणं कमीपणाचं, पण शाळेत ‘टीचर’ होणं चालतं, बँकेत चालतं. त्यामुळे दहावी-बारावी झालेली सून मधल्यामध्ये अडकते. शेतात जाऊ देत नाहीत आणि खुर्चीची नोकरी मिळत नाही.

मग तिच्या गावात तिच्यासाठी असतात दोनच जागा : अंगणवाडी आणि आशा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, आशा २००५ नंतर आल्या. या नेमणुकांच्या अटी नीट वाचल्या की संस्कृती सरकारी कागदावर कशी उतरते ते दिसतं. अंगणवाडीच्या जागेसाठी तेलंगणातल्या जाहिराती बाई विवाहित हवी आणि त्याच गावची रहिवासी हवी असं सांगत आल्या. आशासाठीही विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित हवी. कारण व्यवहाराचं आहे. कुमारी मुलीला शिकवून तयार केलं आणि वर्षात ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तर गाव पुन्हा उघडं पडतं. पण याचा अर्थ असा की माहेरच्या गावात मुलीला ही नोकरी नाही. ती सून झाली की मिळेल, आणि मिळेल ती सासरच्या गावाला बांधलेली. नवऱ्याला हैदराबादला काम मिळालं तर नोकरी सोडायची. नवऱ्याने टाकलं आणि माहेरी परतावं लागलं, तर नोकरी पुन्हा सुटलीच. लग्न हीच तिची बदली आणि लग्न हीच तिची पात्रता. यवतमाळहून बेल्याला आलेल्या सुनेचं शिक्षण मराठीतलं असतं, इथलं रजिस्टर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप तेलुगूत. तिची पहिली दोन वर्षं शेजारणीकडून तेलुगू अक्षरं गिरवण्यात जातात, आणि ती गिरवायचा वेळ रात्री भांडी घासून झाल्यावरचा.

या कामाच्या मोबदल्याला ‘पगार’ म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. या शब्दाने बायकांचं किती नुकसान केलं आहे याचा कधी कोणी हिशेब मांडावा. पोरं सांभाळणं, बाळंतिणीला जेवू घालणं हे बाईचं अंगभूत काम, ते सेवा म्हणूनच करायचं, आम्ही वर मान ठेवून थोडं धन देतो. घरातलं गणित तेच आणि सरकारचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला तेव्हा योजनेला जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

कायद्यात चांगल्या गोष्टीही लिहिल्या गेल्या. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आदिलाबादच्या किती बाया पन्नास माणसांच्या पटावर असतात? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात याहून जवळची तरतूद होती. कामावर आलेल्या बायकांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला तीच मजुरी द्यायची. किती साधी आणि शहाणी गोष्ट! मूल सांभाळणं हे माती खोदण्याइतकंच काम आहे, हे या देशाच्या कायद्याने मान्य केलेलं ते एक वाक्य. कामावर मात्र बहुतेकदा लिंबाच्या फांदीला साडीची झोळी आणि तिला दोरी ओढणारी सात-आठ वर्षांची थोरली बहीण दिसते. त्या मुलीची शाळा बुडते. आईचा समतोल मुलीने पेललेला असतो.

गरज पडली की रूढी किती लवकर वाकते याचं एक उदाहरण जुन्या आदिलाबाद जिल्ह्याशी नातं सांगणाऱ्या कोळसा खाणींच्या जगातलं. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ च्या नियमांनी बायकांना खाणीच्या पोटात उतरायला हळूहळू बंदी केली. १९४३ मध्ये युद्धाला कोळसा हवा होता, बंदी उठली. युद्ध संपलं, १९४६ मध्ये पुन्हा बंदी. स्वतंत्र भारताच्या १९५२ च्या खाण कायद्यात ती कायम राहिली आणि २०१९ मध्ये काही पदांपुरती सैल झाली. बाईचं शरीर तेच होतं, खाणही तीच.

आता सणांकडे येऊ. माझ्या मते नोकरी आणि घर यांच्यातला खरा ताण रोजच्या स्वयंपाकापेक्षा इथे जास्त जाणवतो, कारण रोजचं काम टाळता येतं, सणाचं टाळलं तर बाईला स्वतःलाच अपराधी वाटतं.

तेलुगू घरांचा मोठा सण बतुकम्मा. तेलंगण झालं त्याच वर्षी, २०१४ मध्ये, तो राज्याचा सण झाला. नऊ दिवस फुलांचे थर रचायचे आणि संध्याकाळी भोवती फेर धरायचा. तरवडाची पिवळी आणि कुर्डूची गुलाबी-पांढरी फुलं रानातून आणायला घरातले पुरुष जातात, रचायला बायका बसतात. दसऱ्याला जोडून शाळांना सुट्ट्या असतात. म्हणजे शिक्षिका असलेल्या तेलुगू बाईच्या सणाला सरकारी कॅलेंडरने मोकळी जागा करून दिली आहे. तिच्याच शाळेतल्या मराठी शिक्षिकेचा सण भाद्रपदात, महालक्ष्म्या. अनुराधेला आवाहन, ज्येष्ठेला पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन, असे तीन दिवस. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कढी, पुरणाचे दिवे, फराळ, सवाष्णी, संध्याकाळी हळदीकुंकू. महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत या दिवसाची स्थानिक सुट्टी असते. पैनगंगेच्या अलीकडे ती किरकोळ रजेतून काढावी लागते, आणि कपाशीच्या निंदणात सापडलेल्या मजूर बाईला तर रजाच नसते, रोज बुडतो.

उटनूर वाटेवरच्या केस्लापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तिथली रीत वेगळी. मेश्राम कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांची नागोबाशी भेट घडवतात. पांढऱ्या साड्या नेसलेल्या सुना रांगेने पुढे येतात, वडीलधाऱ्या बायका त्यांना देवापुढे नेतात. या भेटीनंतरच सून कुळाची झाली असं मानतात. नोकरीवर असलेल्या मुलीही त्यासाठी रजा काढून येतात. हे ओझं आहे का? मला तसं म्हणवत नाही. तिथे तिला रांधायला बोलावलेलं नसतं. तिचं नाव घेऊन तिला आपल्यात घेतलेलं असतं. संस्कृतीने बाईकडून काय मागितलं, तिला काय दिलं, दोन्ही शेजारी ठेवून बघायला हवं. हळदीकुंकवाने बाईला घराबाहेर पडायचा मान दिला, त्याच दारातून पुढे बचत गट आले. तेलंगणातल्या खेड्यांत अजून त्यांना ‘ड्वाक्रा’ म्हणतात. ती केंद्राची योजना १९८२ ची, आणि सुरुवातीच्या निवडक जिल्ह्यांत आदिलाबाद होता. उटनूरला आदिवासी बायकांचा गट मोहफुलांचे लाडू करतो. घराघरात वाळत पडणारं मोहफूल आश्रमशाळेतल्या मुलींच्या रक्तवाढीसाठी जाऊ लागलं, कारण ते कसं भाजायचं आणि गुळाशी कसं बांधायचं हे बायकांच्या हातांना ठाऊक होतं. आईकडून आलेली कला इथे मजुरी मिळवून देते.

रूढी नियमाने बदलते का? नॉर्वेने १९९३ मध्ये बाळंतपणाच्या रजेतले चार आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले. त्याने घेतले नाहीत तर ते बुडणार. तोवर क्वचित एखादा बाप रजा घेई, काही वर्षांत बहुसंख्य बाप घेऊ लागले. आपल्या केंद्र सरकारच्या नियमांत आईला मुलांच्या संगोपनासाठी सबंध नोकरीत ७३० दिवसांची रजा मिळते, बापाला, तो एकटा पालक नसेल तर, बाळाच्या जन्माच्या वेळी १५ दिवसांची. चांगल्या हेतूने दिलेल्या या रजेने पोर कोणाचं काम आहे ते पक्कं करून ठेवलं आहे.

झिरो तिकिटाचं मात्र नॉर्वेच्या नियमासारखं आहे. योजना आणली ती पैशासाठी, पण तिने एक जुना प्रश्नच मिटवला. पूर्वी आदिलाबादला जायचं तर नवऱ्याकडे किंवा सासूकडे भाड्याचे पैसे मागावे लागत, आणि पैसे मागितले की ‘कशाला?’ विचारलं जाई. आता पैसे मागायचे नसतात, तर कशाला हेही सांगावं लागत नाही. आदिलाबादेतली आई आजारी लेकीच्या गावी सकाळी जाऊन पोराला सांभाळून संध्याकाळी परत येऊ शकते, म्हणजे माहेर जवळ आलं. ज्यांचं माहेर नदीपलीकडे, त्यांना राज्याच्या हद्दीपर्यंत झिरो, पुढे महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. नदीच्या पुलावर बाई फुकटातून अर्ध्यात जाते.

आणि शेवटी ज्येष्ठेच्या दिवशीची एक अंगणवाडीची टीचर. तिच्या गावात अर्धी घरं मराठी, अर्धी गोंड. केंद्रावर रोज गरोदर आणि बाळंत बायकांना एक वेळचं पूर्ण जेवण द्यायचं असतं, भात, डाळ, भाजी, दूध आणि अंडं. ‘आरोग्यलक्ष्मी’ या नावाची ही योजना १ जानेवारी २०१५ पासून चालू आहे. घरी सोवळ्यात महालक्ष्म्यांचा स्वयंपाक, आणि अंडं शिजवलेल्या हातांनी त्या स्वयंपाकाला शिवायचं नाही असं सासूबाईंचं म्हणणं. रजा टाकली तर गोंड वस्तीतल्या सात-आठ जणींचं अंडं त्या दिवशी चुकणार, त्यांच्यात एकीला आठवा महिना. म्हणून ती पहाटे न्हाऊन पुरण शिजत घालते, नऊला केंद्र उघडते, अंडी उकडून सोलून एकेकीच्या ताटात वाढते, त्यांचं खाणं होईपर्यंत समोर बसते, रजिस्टर भरते, आणि घरी येऊन पुन्हा डोक्यावरून पाणी घेते. ओल्या केसांना पंचा गुंडाळून ती चुलीपुढे बसते तेव्हा सासूबाईंनी पंधरा भाज्या चिरून ठेवलेल्या असतात. सोळावी गावात मिळत नाही. ती तिने आदल्या दिवशीच मीटिंगहून परतताना आदिलाबादच्या बाजारातून आणलेली असते, पर्समध्ये, झिरो तिकिटाच्या चिटोऱ्याशेजारी.